घासलेले बूट

"बाई, हे बूट कुणाचे?" कस्टमच्या तरुण अधिकाऱ्यानं गाडीच्या खिडकीशी वाकून विचारलं.

वेर्नानं शेजारच्या सीटकडे पाहिलं. "नवऱ्याचे. नवे आहेत, परवाच ग्रँड फोर्क्सला घेतले."

"आणि मागचं सामान?"

"दोघांचं आहे. दोन रात्री राहिलो आम्ही तिकडे."

अमेरिकेत दोन रात्री काढल्या की परतताना माणशी बरीच करसवलत मिळते, हे इकडे कॅनडातल्या मॅनिटोबात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तेवढ्यानं तिच्या नवऱ्याचं, ऑरेस्टचं, समाधान कधी झालं नाही. बूट तर तो मुळीच दाखवायचा नाही. जुने मोटेलच्या कचरापेटीत टाकायचा, नवे पायात चढवायचा आणि आवारातल्या खडीवर गोल गोल फिरून तळ घासायचा. "कुणाच्या बापाला कळणार नाही," म्हणायचा. वेर्ना वर खिडकीत उभी राहून हसायची.

"नवरा कुठाय? त्यांच्या वाट्याचं सामान तुमच्या नावावर नाही चालत."

तिला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. अजून मुलीलाही फोन केला नव्हता. म्हटलं की खरं होऊन बसेल, असं काहीसं तिच्या डोक्यात होतं.

"मागून येतोय. दुसऱ्या गाडीनं."

"थांबता का मग त्यांच्यासाठी?"

"गुरुवारी येईल. कागदपत्रं झाली की."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"काल सकाळी गेला," वेर्ना म्हणाली. आवाज तिचा तिलाच कुणा शेजारणीचा वाटला. "मोटेलच्या आवारात, खडीवर. हेच बूट होते पायात. त्याच्या वाट्याचा काय कर होईल तो मी भरते. बूटही धरा त्यात. नवे आहेत."

त्यानं हात पुढे केला. तिनं बूट दिले. त्यानं ते उलटे करून पाहिले. तळ पांढरे पडले होते, एका खाचेत बारीक खडा अडकला होता. तो बराच वेळ तळाकडेच बघत राहिला.

"काकू, हे जुने आहेत. वापरलेल्या बुटांवर कर नसतो."

"नवे आहेत हो. एकदाच घातले त्यानं."

"जुनेच आहेत." त्यानं आत वाकून बूट सीटवर नीट जोडीनं ठेवले. "बाकीचंही राहू द्या. सावकाश जा."

फाटक वर गेलं. पुढे गव्हाची शेतं लागल्यावर वेर्नानं गाडी कडेला घेतली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. इंजिन चालूच होतं. ती शेजारच्या सीटकडे वळली.

"सुटले बघ तुझे बूट," ती म्हणाली.