दोन दस्तखती

तहसीलच्या साहेबांनी सरपंच चंपतरावांपुढं कागद सरकवला आणि दोन जागी बोट ठेवलं. वर लिहिलं होतं, या घिसाडी कुटुंबाचं कुठंच गाव नाही. खाली लिहिलं होतं, हे कुटुंब याच गावचं आहे. चंपतरावांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. डोकं पार गरगरलं.

"साहेब, यातली एक गोठ तं खोटी होईन ना?"

"दोनो पे दस्तखत होना, सरपंच साब." साहेबांनी वैतागून समजावलं. वरची सही नसली तर घर बांधायला युरोपवाल्यांचा पैसा नाही, कारण तो बिनगावच्यांसाठी. खालची नसली तर घराला जागा नाही, कारण जागा गावच्यांसाठी. आता घ्या!

तो पैसा द्यायला आलेली युरोपची बाई शेजारीच चहाची बशी धरून बसली होती. तिच्या मुलखातही असे लोक आहेत, दुभाष्यानं हिंदीत सांगितलं. रोमा म्हणतात त्यांना. गाड्या घेऊन फिरायचे. सरकारी पैसा त्यांच्यासाठीही निघतो.

"मंग तिकडं त्याइले कोन्या गावानं घेतलं?" चंपतरावांनी विचारलं.

दुभाष्यानं ते बाईला विचारलं. बाई बशी खाली ठेवून दोनच शब्द बोलली.

"अभी तक गांव-गांव पूछ रहे हैं, बोलती है," दुभाष्या म्हणाला.

म्हणजे एवढ्या लांबचा पैसा, तोही तिकडं असाच कुण्या सरपंचापाशी अडलेला! चंपतरावांना हसावं की रडावं कळेना.

समोर फकिरा घिसाड्याची गाडी सोडलेली होती. त्याची बायको तुळजाबाई चाकाला टेकून बसली होती. आठवा सरत आला होता. आधीची दोन लेकरं रस्त्यातच आली आणि रस्त्यातच गेली, एक नेरडीगोंड्याच्या सडकेवर, एक भैंश्याच्या बाजाराबाहेर, दोन्ही भर पावसात. हे तिसरं तरी छपराखाली व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"फकिरा, तूच सांग बाबा. तुहं गाव कोनतं?"

फकिरा हात जोडून उभा राहिला आणि त्यानं गावं मोजायला सुरुवात केली. तामसीपासून धरली ती थेट बावीस झाली. या बावीस गावांचे नांगराचे फाळ तो पाजवायचा, आणि सुगीला प्रत्येक गाव त्याला सूपभर जवारी द्यायचं. जवारी दिली म्हणजे गाव आपलं, हा त्याचा हिशेब.

"एकच सांग!" साहेब ओरडले.

"एकाचंच नाव घेतलं तं बाकीच्याइले तोंड कसं दाखवू, मालक?"

काय म्हणावं या माणसाला! घर हातचं चाललंय आणि याला बावीस गावांची भीड. चंपतरावांना त्याचा रागही आला आणि कीवही. ते तुळजाबाईकडं पाहू लागले, आणि एकदम त्यांना आठवलं. पंचवीस वर्षांमागं हिचा जन्म त्यांच्याच खळ्यावर झाला होता.

"साहेब, वरची गोठ खोटी हाये!" ते ताडकन उठले. "या बाईची नाळ माह्या मायनं माह्याच बांधावर पुरली. मी सोता पाह्यलं. ही आमच्याच गावची हाये."

छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्यांना वाटलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "गाव है, तो पैसा नहीं. नाम काट देता हूं."

चंपतरावांनी कागद पुन्हा वाचला. खरं तेच तर बोललो, मग बिघडलं काऊन? बाई दुभाष्याला काय झालं ते विचारत होती, आणि दुभाष्याला नाळेसाठी शब्द सापडत नव्हता.

तुळजाबाई चाकाला धरून उठली, पोट सांभाळत चंपतरावांपुढं आली.

"मालक, तुमच्या मायनं काईच पुरलं नाई म्हना. मी तुमची कोनीच नाई. करा दोन्ही दस्तखती."