मास्क लावा!

"आजपासून औषधशाळेत मंत्र बंद," ल्हासाहून आलेला तपासनीस तिथल्या वैद्यीणबाई चोइझोमवर डाफरला. "म्हणताना थुंकी उडते, औषध बाटतं. सगळ्यांनी मास्क लावा, नाहीतर टाळं ठोकीन."

"मंत्राशिवायची गोळी म्हणजे मेंढीची लेंडी, साहेब. आमच्यात कुणी तोंडात घालणार नाही."

"मग ठोकू टाळं?"

गोळ्या वळणाऱ्या बाया चोइझोमकडे बघत राहिल्या. तिनं एक मास्क उचलून नाकावर ओढला. मग एकेकीनं लावला. औषधशाळा चिडीचूप झाली.

तपासनीस खुशीत रांगेतून फिरू लागला आणि मध्येच थबकला. सगळ्यांचे मास्क एकाच लयीत हलत होते.

"हे काय चाललंय?"

"श्वास घेतोय, साहेब," चोइझोम म्हणाली. "का त्यानंही औषध बाटतं?"