कोरी मान

“कवड्या आहे, बिनविषारी. पोरीला लांब उभं कर,” सासरे म्हणाले आणि कुंडीखाली वेटोळं घालून बसलेला साप त्यांनी उघड्या हाताने उचलला.

सून मुलीला मागे ओढून उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हा सापाचं नाव काढलं तरी तिचं अंग गार पडायचं. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या सासऱ्यांनी तिला बागेतला एकेक साप ओळखायला शिकवलं. टाकीजवळचा दिवड, उंदरांच्या मागावरची धामण. एकालाही मारायचं नाही, हा घरचा नियम. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात, विषारी मण्यारचं नेमकं उलट, हेही त्यांनीच शिकवलेलं. या सापाची मान कोरी होती.

“बाबा, सोडा तो. मण्यार आहे.”

“आता तू मला शिकवणार?”

तेवढ्यात सापाने त्यांच्या अंगठ्याला तोंड लावलं. त्यांनी तो शांतपणे कुंपणापलीकडे सोडला, हात धुतले. दुखतसुद्धा नाही, म्हणजे विष नाहीच, असं म्हणून पेपर उघडून बसले. तिने वाद घातला नाही. रिक्षा आणली आणि त्यांना जवळजवळ ढकलून आत बसवलं. दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. पाच दिवस ते मशीनवर श्वास घेत होते.

घरी आल्यावर माणसं भेटायला आली. सासऱ्यांनी प्रत्येकाला एकच सांगितलं. सूनबाई कवड्या म्हणाली, तिच्या शब्दावर मी हात घातला. सगळे तिच्याकडे बघायचे. ती पाण्याचे ग्लास उचलून आत जायची. नवऱ्याला खरं काय ते ठाऊक होतं. बाबांकडे आता तेवढा एक मानच उरलाय, तुझं काय जातंय, असं तो म्हणाला. तिलाही ते पटलं. मग गल्लीतल्या बायका तिला पाहून गालातल्या गालात हसू लागल्या. तेही तिने गिळलं.

महिन्याभराने बालवाडीच्या बाई धावत आल्या. घसरगुंडीखाली साप शिरला होता, काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. सरांनी येऊन बिनविषारी आहे एवढं सांगितलं, तर मुलांना घरी पाठवावं लागणार नव्हतं.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. ते उठले आणि पायाने चपला चाचपू लागले. नवऱ्याने तिला डोळ्यांनीच दटावलं. ती दारात आडवी उभी राहिली.

“बाई, मुलांना घरी पाठवा आणि साप पकडणाऱ्याला बोलवा. बाबांना दोन वर्षांपासून नीट दिसत नाही.”

बाई खाली मान घालून निघून गेल्या. सासरे पुन्हा खुर्चीत बसले, एक चप्पल पायात तशीच.

साप पकडणाऱ्याने तासाभरात साप बाहेर काढला. तो कवड्या निघाला. ही बातमी सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिला स्वतः सांगितली. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, पण तिच्याशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.