उंबऱ्यावरचा दिवा

ऐन बारा वाजता वीज गेली, आणि गिऱ्हाइकाला हवा होता तो अस्तराचा तागा नेमका सगळ्यात आतल्या फळीवर. सूनबाईने मागच्या खोलीतून तेलाचा दिवा आणला, तागा शोधला, कापड मोजून फाडून दिलं. मग कापडाजवळ आग नको म्हणून दिवा उचलून उंबऱ्यावर ठेवला. एवढा शहाणपणा केला आणि तोच नडला.

समोरचा म्हातारा शिंपी मशीन सोडून धावत आला.

"सासरे कुठायत तुझे?"

"बँकेत," ती म्हणाली. कर्जाची मुदत वाढवून मागायला गेलेत, हे बाहेर बोलायचं नव्हतं. "का हो काका?"

"आधी तो दिवा विझव!"

तिने फुंकर मारली.

"पूर्वी व्यापाऱ्याला देणी फेडणं जमेना झालं की तो भरदिवसा दुकानात दिवा लावायचा, गादी उलटी घालायचा नि गप बसून राहायचा. तोंडाने सांगायची लाज. लोकांनी काय ते ओळखायचं. दिवाळं हा शब्द त्यातूनच आला म्हणतात."

तिला हसूच आलं. "अहो काका, वीज गेलीय. सगळ्या गल्लीची."

"ते कळतंय गं मला." पण शिंपीकाका हलले नाहीत. "माझी ठेव आहे ना तुमच्याकडे, पोरीच्या लग्नाची. ती आजच दिलीस तर बरं."

त्यांच्या मागे भाजीवाली येऊन उभी होती. तिच्या मागे घड्याळजी. कुणी आवाज चढवत नव्हतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. थोड्या वेळाने वीज आली, पंखा फिरू लागला. रांग मात्र वाढतच गेली.

सासरे परतले तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत पोचली होती. त्यांनी खिशातला कागद उंच धरला.

"सहा महिन्यांची मुदत मिळालीय! पै न् पै चुकती करीन सगळ्यांची."

"करशील रे," शिंपी म्हणाला. "पण माझी आज कर."

"बाबा, दिवा मी ठेवला होता," सून रडत म्हणाली. "काट्याचा नायटा झाला हो."

सासऱ्यांनी गल्ला उघडून पाहिला आणि बंद केला. चपला काढल्या. बसायची गादी दोन्ही हातांनी उचलून उलटी घातली आणि तिच्यावर बसले.

"रडू नकोस, पोरी," ते म्हणाले. "काडेपेटी दे."