आधी आकडा, मग हुकूम

तातेराव प्रेसला कुंकू लावायला वाकला आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या बद्रीनाथनं मागं न बघता प्रेसचा दाबायचा पाट हलवून पाहिला. तातेरावचा हात कोपरापर्यंत आतच राहिला.

दसऱ्याची पूजा होती. नवीन जालन्यातल्या त्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसला त्याच दिवशी नवा कॉम्प्युटर जोडला होता.

"करंट तोडून उपेग न्हाई," मुकादम काकासाहेब ओरडला. "दाब तसाच राहतो. कॉम्प्युटरवरूनच उचल, जल्दी."

बद्रीनाथ कीबोर्डवर झेपावला. फोर्थ नावाच्या त्या भाषेची रीतच उलटी. आधी आकडा, मग हुकूम. आकडे ताटांसारखे एकावर एक चढतात, हुकूम सगळ्यात वरचं ताट उचलतो. अधिक आकडा असला तर पाट वर, उणे असला तर खाली. भेदरलेल्या बद्रीनाथनं आकडा न देता नुसतंच 'हल' असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. सीपीएम नावाच्या जुन्या प्रणालीच्या मशीनवरचं फोर्थ अशा वेळी 'ताट न्हाई' म्हणून अडून बसायचं. डॉस प्रणालीवरच्या या नव्या फोर्थनं काही विचारलंच नाही. हाती लागला तो कुठलातरी आकडा उचलला, तो उणे निघाला, आणि पाट आणखी दोन बोटं खाली बसला.

हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

तातेरावचा भाऊ मल्हारी हसनाबादहून पूजेला आल्ता. त्यानं बद्रीनाथला मानगूट धरून फरशीवर आपटलं, तोंडावर लाथ घातली. "जानूनबुजून करून राह्यला का रे?" म्हणत दोन्ही पंजे टायरच्या चपलेखाली रगडले. प्रत्येकाच्या अंतरात देव असतो म्हणतात. त्या घडीला मल्हारीच्या टाचेत तरी तो नव्हता.

"मारू नको त्याला," पाटाखालून तातेराव कण्हला. "त्यो मेला तं मला कोन काढीन?"

मल्हारीची टाच थांबली. त्यानं बद्रीनाथला उचलून खुर्चीत कोंबलं. बद्रीनाथनं बोट टेकवलं, तर ते भलतीकडेच वळलं आणि तीन कळा एकदम दाबल्या गेल्या.

"माझ्यानं होत न्हाई," तो म्हणाला. "तू दाब."

"मला अक्षर येत न्हाई."

"मी दावतो. ही चुकीची अक्षरं पुसू. मंग पयले आकडा."

फुटलेलं नाक त्यानं एकेका कळेवर नेलं. जिथं रक्ताचा थेंब पडेल तिथं मल्हारीचा अंगठा. पुसायची कळ, तीनदा. आकडा. मधली लांब कळ. मग 'हल'ची तीन इंग्रजी अक्षरं. शेवटी उजवीकडची मोठी कळ.

पाट कुरकुरला आणि वर गेला. काकासाहेबानं तातेरावला ओढून काढलं. हात सदऱ्याच्या बाहीत नुसता लोंबत होता. बाहेर जीप सुरू झाली. कुणीतरी मल्हारीला हाक मारली, पुन्हा मारली.

मल्हारी जागचा हलला नाही. शेवटच्या कळेवर दाबलेला अंगठा पांढराफटक पडला होता.

"दादा," तो बद्रीनाथला हळूच म्हणाला, "आता सोडू का?"