मुका खांब

"शेजारी नको बसूस. माझ्यासमोर बस आणि आरशात बघतेस असं समज," आई म्हणाली. क्षिप्रा टुणकन उठली आणि सतरंजीवर आईच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

क्षिप्रा डावखुरी. आईच्या शेजारून तिला सगळं उलटं दिसायचं, क्रोशाची सुई भलतीकडूनच आत शिरायची आणि लोकरीचा गुंता व्हायचा. समोर बसल्यावर आईचा उजवा हात बरोबर तिच्या डाव्या हातापुढे आला. चुटकीसरशी काम झालं.

निशिगंधा मोठी आणि उजव्या हाताची. त्यामुळे ती आईच्या शेजारी, तिच्या नेहमीच्या जागेवर. तिथून आईचं कोपर दिसायचं आणि एक कानातलं. आजपर्यंत तिला त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

खोपटला राहणाऱ्या मावशीला बाळ होणार होतं. बाळंतविड्यातलं टोपडं आई विणत होती, आणि बाळाच्या पायमोज्यांपैकी एकेक तिनं दोघींना वाटून दिला होता. फडके रोडवरून आणलेली पिवळी लोकर दोघींना सारखीच. निशिगंधाचा मोजा टाचेपर्यंत आला होता. क्षिप्राची अजून सुरुवातीची साखळीच चालली होती. म्हणजे पुढे कोण होतं? आणि आई बघत कुणाकडे होती?

"आई, हे बरोबर आहे ना गं?"

"बरोबरच असणार. तुझं काय बघायचं?" आईनं मान वळवलीसुद्धा नाही. "अडलंच तर यूट्यूबवर लाव. तू शहाणी आहेस."

शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात ते हेच. निशिगंधाच्या वाट्याला शब्द. आईचे हात मात्र तिकडे, क्षिप्राची बोटं धरून बसलेले.

"आता मुका खांब घालायचा," आई क्षिप्राला म्हणाली.

"मुका?"

"हो, हा असा." आई पुढे वाकली आणि तिनं क्षिप्राच्या गालाचा मुका घेतला. "हा झाला मुका. आता घाल खांब."

क्षिप्रा खिदळली. तिनं वेडावाकडा का होईना, टाका घातला आणि गाल पुढे केला. आईनं दुसरा मुका घेतला. मग काय, टाक्यागणिक मुका सुरू झाला.

हाच टाका मे महिन्याच्या सुट्टीत निशिगंधाला शिकवताना आई म्हणाली होती, "मुका खांब म्हणजे बुटका खांब. सुईवर आधी लोकर घ्यायची नाही." निशिगंधानं ते नीट लक्षात ठेवलं होतं. त्या शब्दात अजून काही असतं हे तिला आज कळत होतं.

 डावखुरं व्हायला असं काय लागतं? ना अभ्यास, ना शहाणपण. फक्त तसं जन्माला यायचं. तिनं क्षिप्राच्या मांडीला हळूच चिमटा काढला, पण तेवढ्यानं काही तिचं भागलं नाही.

मग तिनं स्वतःच्याच मोज्याचा दोरा ओढला. क्रोशाचं काम उसवायला अक्कल लागत नाही. टाच गेली, तळवा गेला, सगळ्याची सरसर परत लोकर झाली. तिनं सुई डाव्या हातात घेतली.

"आई, मला येत नाहीये."

आता मात्र आईनं वळून बघितलं. निशिगंधाच्या मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग पडला होता.

"निशी! हे कुणी उसवलं?"

"मीच. मला डाव्या हातानं शिकव."

"अगं, पण तुझा उजवा हात चांगला आहे की."

"दुखतोय."

"कुठे दुखतोय?"

निशिगंधानं हाताकडे बघितलं. कुठे दुखतंय हे काही तिला दाखवता येईना. खोटं बोलायची सवय नव्हती, शहाणी ना! तिचे डोळे भरून आले.

"खोटं बोलतेय ताई!" क्षिप्रा ओरडली. "आत्ता मला चिमटा काढला ना, तो उजव्याच हातानं काढला!"

आई हसेल असं दोघींना वाटलं. पण ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं लोकरीच्या ढिगाकडे बघितलं, मग निशिगंधाच्या डाव्या हातातल्या सुईकडे.

"क्षिपू, जरा सरक," ती म्हणाली. "ताईला समोर बसू दे."

"पण ती डावखुरी नाहीये!"

"सरक म्हटलं ना."

निशिगंधा आईच्या समोर बसली. इथून आई पूर्ण दिसत होती. टाके मोजताना तिचे ओठ हलतात, हे तिनं पहिल्यांदाच बघितलं. आईनं तिची डावी बोटं आपल्या बोटांत धरली, सुई वळवली, लोकर ओढली. फास निसटला. पुन्हा केलं. पुन्हा निसटला. डावा हात खरोखरच ठोंब्या होता आणि त्याचं निशिगंधाला फार बरं वाटलं.

"येईल गं," आई म्हणाली. "तुला काय, चार वेळा केलंस की येईल."

तीच तर भीती होती. आई घरंगळलेला लोकरीचा गुंडा घ्यायला वाकली, आणि तेवढ्यात निशिगंधाच्या डाव्या हातातली सुई आत गेली, लोकर धरून अलगद बाहेर आली. टाका पडला होता. चांगला, घट्ट, अगदी आईसारखा.

निशिगंधानं अंगठ्यानं तो सुईवरून खाली ढकलला.

"नाही येत," ती म्हणाली. "परत दाखव."