चौथा फोटो

केमोथेरपी संपल्यावर चाळिशीतल्या रुम्यानाने रूसे शहरातल्या आपल्या घरात खिडकीजवळ कॅमेरा स्टँडवर लावला. डोक्यावर एकही केस नव्हता, तरी तिला स्वतःचा एक चांगला फोटो हवा होता.

"खांदे सैल सोड गं ताई, पासपोर्टचा नाहीये," बानित्सासाठी, म्हणजे चीज भरून भाजायच्या पदार्थासाठी, पोळी लाटता लाटता धाकटी बहीण झ्लात्का म्हणाली.

टायमर लावून रुम्यानाने फोटो काढला. पाहिला, तर डोक्यावर बारीक लव दिसत होती. तिने हात फिरवला. डोकं गुळगुळीतच होतं.

दुसऱ्या फोटोत केस कानांपर्यंत आले, तिसऱ्यात खांद्यांवर.

"झ्लात्का, इकडे ये जरा."

झ्लात्काने पिठाचे हात पुसून तिन्ही फोटो पाहिले. मग हळूच म्हणाली, "अजून एक काढ."

चौथ्या फोटोत केस पांढरेशुभ्र होते, गालांवर सुरकुत्या होत्या, आणि सत्तरीची रुम्याना त्या दोघींकडे बघून हसत होती.